पहिला स्वेटर विणायला घेताना

सुया हातात धरता येतात, सुलट-उलट टाका जेमतेम जमतो, आणि आता मोठ्या माणसाचा, रोज अंगात घालता येईल असा एक स्वेटर विणायचा आहे, अशांसाठी हा लेख आहे. एकाच स्वेटरचं पूर्ण गणित इथे देते: ३६ इंच छातीचं माप, गोल गळा, पूर्ण बाह्या, चार सरळ तुकडे विणून मग शिवायचे. मुंढा कापायचा नाही, खांद्याला उतार द्यायचा नाही. हा आकार साधा असला तरी अंगावर छान बसतो आणि शिकणाऱ्याला मधेच गोंधळात टाकत नाही.

सुरुवातीला एक गोष्ट समजून घेतली की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. लोकरीचा तंतू नागमोडी असतो. त्या वळणांमध्ये आणि टाक्यांच्या पोकळीत हवा अडकून राहते, अंगाच्या उष्णतेने ती तापते आणि तीच आपल्याला ऊब देते. म्हणून पुठ्ठ्यासारखा घट्ट विणलेला स्वेटर जड होतो पण त्या मानाने उबदार होत नाही, आणि जाळीसारख्या सैल विणलेल्यातून वारा आरपार जातो. लोकर कोणती, सुई कोणत्या नंबरची, स्वेटर अंगाला किती सैल, हे सगळं ही हवा राखण्यासाठीच ठरवायचं असतं.

लोकर निवडताना

आपल्याकडच्या दुकानात ‘लोकर’ मागितली की बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचा गुंडा हातात येतो. त्यात फसवणूक नाही, विणायच्या धाग्याला सरसकट लोकरच म्हणायची पद्धत आहे. अ‍ॅक्रिलिक स्वस्त असतं, रंग भरपूर मिळतात, मशीनमध्ये धुता येतं. बाळंतविड्यातली टोपडी, मोजे, छोटे स्वेटर त्याचे खुशाल करा, कारण ते दिवसातून दोनदा धुवावे लागतात. पुण्या-साताऱ्याच्या थंडीलाही ते चालतं. पण स्वेटर खऱ्या थंडीत घालायचा असेल, म्हणजे हिमालयातल्या ट्रेकसाठी किंवा टोरांटोला शिकायला निघालेल्या भाचीसाठी, तर मेंढीची लोकर घ्या. निदान निम्मी लोकर असलेलं मिश्रण तरी घ्या. मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही. चढ चढून थांबलं की तो आतल्या कपड्यातच राहतो आणि अंग गारठतं.

लेबल नसेल तर धागा जाळून बघा. बोटभर तुकडा चिमट्यात धरून बशीवर पेटवा. लोकर कुरकुरत जळते, ज्योत दूर नेली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि मागे बोटांनी चुरडता येणारी राख राहते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी तयार होतो. मिश्रणात दोन्हींचं थोडं थोडं दिसतं.

खरी लोकर म्हणजे टोचणारच, हा समज खोडून काढायला हवा. टोचणं तंतूच्या जाडीवर अवलंबून असतं. साधारण ३० मायक्रॉनच्या पुढचे तंतू त्वचेला बोचतात. मेरिनो मेंढीची लोकर बहुधा २४ मायक्रॉनच्या आतली, म्हणून ती गळ्याशीही मऊ लागते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. तिचं घोंगडं उत्तम होतं, पावसात मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगराच्या खांद्यावर ते पिढ्यान् पिढ्या टिकलं आहे, पण उघड्या मानेशी येणाऱ्या स्वेटरला ती योग्य नाही. दुकानात गुंडा हातात दाबून काही कळत नाही, कारण तळव्याची कातडी जाड असते. तो मानेला कानाखाली लावून मिनिटभर धरा. तिथे खाज सुटली तर तो गुंडा परत ठेवा.

या मापाच्या स्वेटरला मध्यम जाडीची ५०० ते ६०० ग्रॅम लोकर लागते. सगळी एकदम घ्या आणि एक गुंडा जास्तीचा घ्या. प्रत्येक गुंड्याच्या कागदावर रंगाचा लॉट नंबर असतो, तो सगळ्यांवर एकच आहे ना हे दुकानातच बघा. वेगळ्या लॉटचा गुंडा दिव्याखाली सारखाच भासतो आणि उन्हात छातीवर पट्टा उठून दिसतो. पहिल्या स्वेटरला फिकट किंवा मध्यम रंग घ्या. काळ्या आणि गडद निळ्या लोकरीवर टाके दिसतच नाहीत. लोकर लडीत आली तर आधी तिचे गुंडे करून घ्या. लडीतून थेट विणायला गेलात तर अर्धा वेळ गुंता सोडवण्यात जाईल.

सुया आणि बाकी सामान

आपल्याकडे सुयांचे नंबर उलटे चालतात: नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., १० नंबर म्हणजे ३.२५ मि.मी. या स्वेटरसाठी अंगाला ७ नंबरची जोडी (४.५ मि.मी.) आणि काठाला ९ नंबरची जोडी (३.७५ मि.मी.) लागेल. लांब सुया घ्या, शंभर टाके आखूड सुईवर मावत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या सुयांवरून टाके भरभर सरकतात, नवख्या हातातून तेवढेच भरभर निसटतातही. बांबूच्या मिळाल्या तर त्या घ्या. शिवाय बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, एक क्रोशाची सुई, मापाची टेप, थोड्या सेफ्टी पिना आणि वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे तुकडे जवळ असू द्या.

टाके

हे खरं तर कुणाच्या तरी शेजारी बसूनच शिकावं. मावशी, आत्या, शेजारच्या काकू, कुणीही चालेल. शब्दांत सांगायचं तर सुलट टाक्याला लोकर मागे ठेवायची, उजवी सुई डाव्या सुईवरच्या टाक्यात पुढून मागे घालायची, लोकरीचा वेढा द्यायचा, तो वेढा टाक्यातून पुढे काढायचा आणि जुना टाका सोडून द्यायचा. उलट टाक्याला लोकर पुढे घ्यायची, सुई उजवीकडून टाक्याच्या पुढच्या बाजूने घालायची, वेढा देऊन तो मागे काढायचा. लोकर उजव्या हातात धरा की डाव्या, कापड सारखंच होतं. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणत गेलं की साधी वीण होते. स्वेटरचं अंग याच विणीचं आहे. तिच्या कडा आत वळतात, त्याची काळजी करू नका, शिवल्यावर त्या सपाट होतात.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: आपलं विणकाम वाचायला शिका. सुलट टाका सुईखाली ‘व्ही’सारखा दिसतो, उलट टाक्याला आडवी गाठ दिसते. हे ओळखता आलं की कुठे होतो हे तोंडाने मोजत बसावं लागत नाही. टाका गळून खाली खाली उसवत गेला तरी घाबरायचं कारण उरत नाही. क्रोशाची सुई त्या सुट्या फासात घालायची, वरचा आडवा धागा त्यातून ओढायचा, असं एकेक पायरी चढत टाका परत सुईवर आणायचा.

नमुन्याचा चौकोन

इथे मी सगळ्यात जास्त आग्रह धरणार आहे. स्वेटरचे टाके घालण्याआधी ७ नंबरच्या सुईवर ३० टाके घालून सहा इंच उंचीचा चौकोन विणा. मग स्वेटर जसा धुणार तसाच तो धुवा, सपाट वाळवा, आणि पूर्ण वाळल्यावर मधल्या भागात ४ इंचांत किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा. कडांपाशी मोजू नका, तिथली वीण ओढलेली असते. आपल्याला ४ इंचांत २० टाके आणि २८ ओळी हव्या आहेत, म्हणजे इंचाला ५ टाके आणि ७ ओळी.

अर्ध्या टाक्याने काय बिघडतं, ते बघा. पाठीला १०० टाके घातले आणि हात इंचाला ५ टाक्यांचा असला तर पाठ २० इंच होते. हात थोडा घट्ट, इंचाला साडेपाच टाक्यांचा असला तर तीच पाठ जेमतेम १८ इंच भरते. पाठ आणि पुढचा भाग मिळून साडेतीन इंचांहून जास्त घेर गेला. स्वेटर अंगात जाईल, पण अंगाला चिकटून बसेल आणि आत हवेला जागाच उरणार नाही.

टाके जास्त बसत असतील तर एक नंबर जाड सुई घ्या, कमी बसत असतील तर एक नंबर बारीक, आणि चौकोन पुन्हा विणा. मुद्दाम हात सैल किंवा घट्ट करायला जाऊ नका, दहा ओळींनंतर हात आपल्या वळणावर जातोच. ओळींचा हिशेब थोडा चुकला तर चालतं, त्या टेप लावून इंचांत मोजता येतात. टाक्यांचा हिशेब मात्र जुळायलाच हवा.

माप

छातीच्या मापात ४ इंच वाढवा, म्हणजे आत सदरा आणि थोडी हवा दोन्ही मावतात. ३६ अधिक ४ असा ४० इंच घेर झाला. पाठीला २० इंच, म्हणजे १०० टाके, आणि शिवणीत जाणारे दोन मिळून १०२. काठ दोन सुलट-दोन उलट विणायचा आहे, तो दोन्ही टोकांना सुलट यायला हवा, म्हणून टाके चारने भागून दोन उरतील असे लागतात. १०२ त्यात बसतात. दुसऱ्या मापासाठी हाच हिशेब करा. ४० इंच छातीला ११२ येतात, तिथे ११० किंवा ११४ घ्या.

बाहीसाठी मानेच्या मागच्या मणक्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंत टेप लावा आणि त्यातून पाठीच्या रुंदीचा अर्धा वजा करा. हे माप २८ इंच आलं तर २८ वजा १०, म्हणजे १८ इंचांची बाही. या स्वेटरचा खांदा दंडावर उतरतो, त्यामुळे शिंप्याच्या पद्धतीने खांद्यापासून बाही मोजली तर ती हाताच्या बोटांवर येईल.

पाठ आणि पुढचा भाग

९ नंबरच्या सुईवर १०२ टाके घाला. टाके घालताना ७ नंबरची सुई वापरली आणि पहिल्या ओळीपासून ९ नंबर घेतली तर कड ताठ होत नाही. अडीच इंच काठ विणा. मग ७ नंबरच्या सुयांवर या आणि साध्या विणीच्या ८८ ओळी, म्हणजे साडेबारा इंच, विणा. इथे दोन्ही कडांना रंगीत दोरा बांधून ठेवा. बाही इथून वर बसणार आहे. त्यापुढे ६४ ओळी सरळ विणून सगळे टाके सैल हाताने बंद करा. पाठ झाली.

नवा गुंडा नेहमी कडेला जोडा, छातीच्या मधोमध गाठ कधी नको. मेंढीची लोकर असेल तर गाठीचीही गरज नाही. दोन्ही टोकं थोडी उकला, एकमेकांवर ठेवा, ओली करा आणि तळव्यांमध्ये जोरात चोळा. तंतू एकमेकांत अडकून धागा सलग होतो. अ‍ॅक्रिलिकचं असं होत नाही.

पुढचा भाग दोऱ्याच्या खुणेपर्यंत अगदी तसाच. खुणेनंतर ४४ ओळी झाल्या की गळा सुरू होतो. त्याआधी बारीक सुती दोरा मोठ्या सुईत ओवून त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांमधून काढून ठेवा. गळ्यात काही चुकलं तर तिथपर्यंत उसवून पुन्हा सुरू करता येईल, एकही टाका हरवणार नाही. आता सुलट बाजूला ४१ टाके विणा, मधले २० बंद करा, उरलेले ४१ विणा. हा खांदा आधी पूर्ण करायचा आणि दुसरे ४१ टाके जादा सुईवर थांबवायचे. तिसऱ्या ओळीपासून दर दुसऱ्या ओळीला गळ्याच्या कडेपाशी, एक टाका सोडून, दोन टाके एकत्र विणा, असं सात वेळा. ३४ टाके उरतील. गळ्याच्या २० ओळी भरेपर्यंत सरळ विणून टाके बंद करा. मग थांबवलेल्या टाक्यांना गळ्याच्या बाजूने नवी लोकर जोडून दुसरा खांदा तसाच विणा.

बाह्या

९ नंबरवर ४६ टाके घालून अडीच इंच काठ. ७ नंबरवर आल्यावर दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा, असं २२ वेळा केलं की ९० टाके होतात. वाढवताना कडेचा टाका विणून झाला की पुढच्या टाक्याआधीचा आडवा धागा सुईवर उचला आणि पीळ देऊन विणा. पीळ दिला नाही तर तिथे भोक राहतं. पुढे बाही १८ इंच भरेपर्यंत सरळ विणून टाके बंद करा. दोन्ही बाह्या एकाच सुईवर दोन वेगळ्या गुंड्यांनी शेजारी शेजारी विणता येतात. मला ही रीत फार उपयोगी वाटते, दोन्ही आपोआप एकाच लांबीच्या होतात.

जोडणी

शिवायच्या आधी चारही तुकडे कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि जाड चादरीवर मापाला ताणून, टाचण्या लावून वाळवा. वळलेल्या कडा सपाट होतात आणि पहिल्या विणकामातले उंचसखल टाके बरेचसे एकसारखे दिसू लागतात. घाईत ही पायरी गाळली तर शिवण कधीच सरळ येत नाही.

आधी उजवा खांदा शिवा. मग ९ नंबरच्या सुईने गळ्याभोवती टाके उचला: पुढच्या दोन तिरप्या बाजूंना १६-१६, पुढे मध्ये २०, पाठीला ३४, एकूण ८६. दोन सुलट-दोन उलट अशा आठ ओळी विणा आणि जितक्या सैल हाताने जमेल तितक्या सैल बंद करा, हवं तर जाड सुईने. धागा तोडण्याआधी गळ्याची पट्टी टेपने ताणून बघा, डोक्याच्या घेराएवढी ताणली गेलीच पाहिजे. मग डावा खांदा आणि पट्टी शिवा. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर आणि दोन्ही टोकं रंगीत दोऱ्यांवर पिनांनी लावा, बाही शिवा. शेवटी मनगटापासून काखेपर्यंत आणि तिथून कमरेपर्यंत एकच लांब शिवण घाला.

घालताना

स्वेटर सगळ्यात वर घालायचं कापड नाही. निफाडला पारा खाली उतरलेला असताना दुचाकीवरून निघालात तर कितीही जाड स्वेटरमधून वारा आत घुसतो आणि साठलेली गरम हवा घेऊन जातो. वरून पातळ विंडचीटर चढवला की तोच स्वेटर एकदम उबदार वाटतो. पण वरचं जॅकेट ऐसपैस हवं. तंग जॅकेटखाली लोकर दबते आणि हवा निघून जाते.

आत काय घालायचं हे तुम्ही किती हालचाल करणार यावर ठरतं. ऑफिसला, बाजारात जाताना सुती सदरा ठीक आहे. ट्रेकवर किंवा बर्फात चालताना सुती बनियन नको, ते घामाने भिजतं आणि लवकर वाळत नाही. तिथे पातळ मेरिनो किंवा सिंथेटिक थर्मल घाला. चालायला सुरुवात केल्यावर अंग तापलं की स्वेटर काढा आणि थांबताक्षणी परत घाला. घाम येऊ न देणं हेच थंडीतलं मुख्य काम. परदेशात घरं आणि बस आतून गरम असतात, त्यामुळे तिथे चढवणं-उतरवणं दिवसभर चालतं. भाचीला सांगा, दारातच स्वेटरवरचा बर्फ झटक, आत जाऊन तो वितळला की लोकर भिजते.

धुणं आणि ठेवणं

लोकर दर वेळी धुवायची गरज नसते. रात्रभर हवेशीर जागी पसरून ठेवली की घामाचा वास बराचसा जातो. हंगामात दोन-तीनदा धुणं पुरतं. तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर लहान, जाड, नमद्यासारखा होतो. ते पुन्हा सुटत नाहीत. म्हणून कोमट पाणी, रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठीचा सौम्य साबण, थोडा वेळ भिजवणं आणि हलक्या हाताने दाबणं. खळबळायचं पाणीही तितकंच कोमट. पिळू नका. ओला स्वेटर दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत चटईवर सपाट वाळवा. दोरीवर टाकला तर पाण्याच्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत लांबतात. याच कारणाने कपाटातही हँगरला लावू नका, घडी घाला.

पहिल्या काही आठवड्यांत काखेत आणि कडांना लोकरीच्या गोळ्या येतात. त्या ओढून काढू नका, लहान कात्रीने कापा.

उन्हाळा लागला की ठेवण्याआधी स्वेटर नक्की धुवा. कसरीच्या अळ्या लोकर खातात आणि त्यांना घामाचे, अन्नाचे डाग लागलेली लोकर जास्त आवडते. धुतल्यावर पूर्ण, अगदी शिवणीच्या आतपर्यंत वाळू द्या, सुती कापडात किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळा आणि डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून वर ठेवा, लोकरीला त्या थेट लागता कामा नयेत. पावसाळ्यात एखादं कोरडं ऊन पडलं की बाहेर काढून झटका आणि घडी बदलून ठेवा. उरलेला अर्धा गुंडा त्याच अभ्र्यात टाका. दोन-तीन हिवाळ्यांनंतर कोपर विरायला लागेल, तेव्हा रफू करायला नेमका तोच रंग लागेल.